हिंगोलीला हवा एक कूड

मार्च 2018 मध्ये माल्टाच्या बंदरात ‘इंडियन एम्प्रेस’ ही यॉट अडकवून ठेवण्यात आली. 95 मीटर लांबीची ही नौका विजय मल्ल्या यांची म्हणून जगभर ओळखली जात होती. ती अडकली तिच्यावर काम करणाऱ्या माणसांच्या पगारापायी. 40 हून अधिक कर्मचारी होते. त्यांत ब्रिटिश होते, पूर्व युरोपातले होते आणि भारतीयही होते. सप्टेंबर 2017 पासून त्यांना पगार नव्हता. थकबाकी 10 लाख डॉलरांच्या पुढे गेली होती. ‘नॉटिलस इंटरनॅशनल’ ही दर्यावर्दींची संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. आधी विमा कंपनीकडून 6 लाख डॉलरांहून थोडी जास्त रक्कम सुटली. मग नौकेचा लिलाव झाला, पहिला बोलीदार पैसे भरू शकला नाही, आणि अखेर सप्टेंबरमध्ये साडेतीन कोटी युरोंना ती विकली गेली.

तेव्हा सगळ्यांचे लक्ष मालकाकडे होते. मला त्या 40 माणसांचा विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. पगार बुडणे ही काही नवलाची गोष्ट नाही; वीटभट्टीपासून साखर कारखान्यापर्यंत ती आपण रोज बघतो. नवल हे की ही माणसे एका बलाढ्य मालकाच्या बोटीवर जप्ती आणेपर्यंत भांडली. त्यांच्या हातात लेखी करार होता, पाठीशी संघटना होती, आणि बोट वाऱ्यावर सोडली गेली तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळाला पाहिजे, असा 2017 पासून लागू झालेला आंतरराष्ट्रीय नियम होता. पण कायदा असला तरी भांडायला उभा राहतो तो माणूस, आणि ज्याने ती नोकरी मिळवण्यासाठी व्याजाने पैसे काढलेले आहेत तो सहसा उभा राहत नाही. त्याला घरून फोन येतो, हप्ता थकल्याचा. तो मान खाली घालून आणखी एक महिना काढतो, मग आणखी एक.

भरतीच्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते. आलिशान नौकांवर माणसे कशी भरावीत याबद्दल जे काही बोलले जाते ते प्रशिक्षण, इंग्रजी, शिष्टाचार, प्रमाणपत्रे यांच्याभोवती फिरते. ते सगळे लागतेच. पण त्याआधीची कसोटी वेगळी आहे. कामावर पहिले पाऊल टाकण्याआधी हा माणूस कोणाचा देणेकरी झालेला आहे का? झाला असेल, तर त्याच्या अंगावर कितीही पांढराशुभ्र गणवेश चढवा, त्याची गत उचल घेतलेल्या मजुराचीच होणार.

हे हिंगोलीत राहून लिहिण्याला कारण आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. मुंबईचा समुद्र इथून साडेपाचशे किलोमीटरहून दूर. कयाधू नदी उन्हाळ्यात आटते. वसमतची हळद न्हावा-शेवाहून परदेशी जाते, पण ती पिकवणाऱ्याच्या पोराला बंदर बघायला मिळत नाही. असे असूनही ‘मर्चंट नेव्हीत लावून देतो’ हे वाक्य इथल्या तालुक्याच्या गावांना अनोळखी राहिलेले नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातीत कधी मालवाहू जहाज असते, कधी क्रूझ, आणि अलीकडे यॉटही. निळे पाणी, पांढरी बोट, डॉलरमध्ये पगार, ‘दहावी पास चालेल’. खाली नवी मुंबईचा पत्ता.

यातली सगळीच जाहिरात खोटी नसते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. दहावीनंतर सहा महिन्यांचा जी.पी. रेटिंगचा अभ्यासक्रम करून खलाशी होता येते हे खरे आहे. त्याला सरकारमान्य संस्था आहेत. जहाजावरच्या स्वयंपाकघरासाठी केटरिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, तोही खरा. सीडीसी म्हणजे खलाशाची ओळखवही मिळते, इंडॉस म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक मिळतो, सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण होते: पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार, बोटीवर एकमेकांशी कसे वागायचे. इथपर्यंत फी भरणे रास्त आहे, कारण शिक्षण मिळाले. लबाडी होते ती पुढच्या पायरीवर. शिक्षणाच्या पावतीत नोकरीचा भाव मिसळला जातो. ‘पॅकेज’ ठरते. पॅकेजचा अर्धा भाग पावतीवर, अर्धा रोख. त्या रोख पैशासाठी बापाची एक-दोन एकर जमीन गहाण पडते किंवा विकली जाते, आणि मग मुलगा बेलापूरच्या एखाद्या खोलीत आठ-दहा जणांबरोबर ‘जॉइनिंग’ची वाट बघत बसतो.

कायदा या बाबतीत अजिबात संदिग्ध नाही. 2006 साली जिनिव्हात मंजूर झालेल्या आणि 2013 पासून अमलात आलेल्या सागरी कामगार कराराला भारताने 2015 साली मान्यता दिली. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही, थेट नाही आणि आडमार्गानेही नाही. भरतीच्या वेळी त्याने स्वतः भरायचा तो खर्च तीनच गोष्टींचा: पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. व्हिसाचा खर्चसुद्धा बोटीच्या मालकाचा. भारतात खलाशांची भरती करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्यासाठीचे नियम 2005 साली झाले आणि 2016 साली नव्याने लिहिले गेले. परवान्याला क्रमांक असतो, मुदत असते, बँक हमी असते. कोणाकडे तो आहे याची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर उघड आहे. पण यादी इंग्रजीत आहे आणि सेनगावच्या एसटी स्टँडवर ती कोणी लावलेली नाही.

यॉटची भरती मालवाहू जहाजापेक्षा निराळी चालते, आणि ती समजून घेतल्याशिवाय आपल्या मुलांना तिकडे पाठवायचे की नाही हे ठरवता येणार नाही. भूमध्य समुद्रातला हंगाम उन्हाळ्याचा, कॅरिबियनचा हिवाळ्याचा. हंगाम सुरू होण्याआधी, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, फ्रान्समधले आंतिब, स्पेनमधले पाल्मा, अमेरिकेतले फोर्ट लॉडरडेल या बंदरांत तरुण मुले-मुली स्वतःची छापील माहितीपत्रे घेऊन धक्क्यावरून बोटीबोटीपाशी फिरतात. त्याला डॉक-वॉकिंग म्हणतात. कोणी एक दिवसाचे काम देतो, लाकडी डेक घासायचे, स्टीलचे कठडे पुसायचे. काम पसंत पडले तर दुसऱ्या दिवशी बोलावतो. कॅप्टन कॅप्टनला विचारतो, हा कसा आहे. तोंडी शब्दावर नोकरी ठरते. भरती-संस्थाही आहेत, आणि त्यांतल्या नावाजलेल्या संस्था आपले शुल्क बोटीच्या मालकाकडून घेतात. वैद्यकीय तपासणीला बहुतेक ठिकाणी ब्रिटनच्या सागरी यंत्रणेचे इएनजी-वन प्रमाणपत्र मागतात, ते त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडूनच घ्यावे लागते.

बाहेरून बघणाऱ्याला ही पद्धत मोकळी वाटते: चालत जा, काम दाखव, नोकरी मिळव. पण त्या धक्क्यावर पोहोचायचे कोणी? ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन मुलगा व्हिसाशिवाय 90 दिवस युरोपात राहू शकतो. भारतीय पासपोर्टवर शेन्गेन व्हिसा काढून, मग काम शोधत फिरायचे, म्हणजे बेकायदा होण्याची पहिली पायरी. शिवाय त्या बंदरांत आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या ‘क्रू हाऊस’मध्ये बोट मिळेपर्यंत राहावे लागते. ज्याचे आईबाप दोन-तीन महिन्यांचा युरोपातला खर्च उचलू शकतात तोच वाट बघू शकतो. धक्क्यावरची निवड सुरू होण्याआधीच पासपोर्टने आणि खिशाने एक निवड करून ठेवलेली असते. म्हणून भारतीय माणसाची यॉटवरची भरती भारतातूनच, मध्यस्थामार्फत होणार. मध्यस्थ टाळता येणार नाही. तो कसा असावा, एवढेच आपल्या हातात आहे.

मला असे वाटते की या सगळ्या व्यवहाराचा जीव वाट बघण्याच्या काळात अडकलेला आहे. दोन करारांच्या मधले महिने, पहिली बोट मिळेपर्यंतचे महिने. त्या काळात ज्याच्या पैशाने माणूस जेवतो, त्याच्या शब्दाबाहेर तो जाऊ शकत नाही. मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांचा शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास याचीच साक्ष देतो.

त्या काळी ब्रिटिश आगबोटींवर हिंदुस्थानी खलाशी हजारोंच्या संख्येने होते. डेकवर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कोकणी माणसे, भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आणि सिल्हटचे, आणि उतारूंच्या दिमतीला, म्हणजे स्वयंपाकघरात, जेवणाच्या दालनात, केबिनमध्ये, गोव्याची माणसे. भरती सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, करी. सारंग आपल्या गावची माणसे उभी करी, आणि नोकरी मिळाल्याबद्दल त्यांच्याकडून वाटा घेई. सारंगाच्या वर बंदरावरचा घाट-सारंग, त्याच्या वर दलाल. बोट मिळेपर्यंत खलाशाला खोली आणि जेवण देणारा खानावळवाला उधारीवर ठेवी आणि पगार झाला की आधी आपले कापून घेई. पगारच मुळात गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी, त्यातून ही कापाकापी. 1920 साली जिनोव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठराव केला की खलाशांना नोकरी लावून देणे हा नफ्याचा धंदा असताच कामा नये. 1922 साली हिंदुस्थान सरकारलाही खलाशांच्या भरतीतल्या लाचखोरीसाठी समिती नेमावी लागली. स्वातंत्र्यानंतर सरकारी कार्यालयातून पाळीने नावे काढण्याची पद्धत आली, पुढे तीही मागे पडून परवानाधारक खाजगी संस्था आल्या. म्हणजे नियम शंभर वर्षांचा आहे, आणि तो मोडण्याची रीतही तेवढीच जुनी.

या इतिहासात गोव्याच्या माणसांनी स्वतःसाठी एक गोष्ट उभी केली ती कूड. धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गोव्याच्या एकेका गावाने आपापला क्लब काढला, त्याला कूड म्हणत. एक-दोन मोठ्या खोल्या. भिंतीलगत पेट्या, प्रत्येकाची एक. भाडे नाममात्र. संध्याकाळी एकत्र प्रार्थना. दारू-भांडण याबद्दल नियम, आणि नियम मोडणाऱ्याला गावच जाब विचारणार. तार्वटी, म्हणजे खलाशी, बोटीवर गेला की त्याची पेटी कुडात राहायची, परतला की तिथेच अंथरूण. नवा पोरगा गावाहून आला की जुने तार्वटी त्याला काटा-सुरीची मांडणी, साहेबाशी बोलण्याची रीत, कुठल्या कंपनीचा कारभार चांगला आणि कुठल्या सारंगापासून दूर राहायचे, हे सगळे रात्री बसून शिकवत. असे शेकडो कूड होते. काही आजही आहेत, धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत त्यांच्या पाट्या दिसतात.

गोव्याची माणसे आलिशान बोटींवरच्या सेवेत इतकी नावाजली याचे श्रेय लोक त्यांच्या पोर्तुगीज वळणाला, खाण्यापिण्याच्या सवयींना, संगीताला देतात. त्यात तथ्य आहे. पण कूड नसता तर ही हुशारी कोणत्या तरी खानावळवाल्याच्या वहीत गहाण पडली असती. कुडाने वाट बघणे स्वस्त केले. नोकरी नसलेल्या माणसाला त्याने ताठ ठेवले. आणि एक फार मोठी गोष्ट त्याने अनायासे केली: ओळखीचा शब्द निर्माण केला. ‘अमक्या गावच्या कुडाचा माणूस’ म्हणजे वागायला बरा, हे कंपन्यांना कळू लागले. आज पाल्माच्या धक्क्यावर कॅप्टन कॅप्टनला जे विचारतो, तेच हे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या, गिरणीकामगार त्यांत वीस-वीस जण राहत. मराठवाड्याची मुले आज पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी गावच्या ओळखीनेच खोल्या घेतात, डबा लावतात, जुना मुलगा नव्याला पुस्तके देतो. एकत्र राहून वाट बघण्याची सवय आपल्याला आहे. फक्त समुद्राच्या वाटेवर आपण ती नेलेली नाही. तिथे आपला मुलगा एकटा जातो, एजंटच्या खोलीत राहतो आणि एजंटच्या तोंडून जग ऐकतो.

ऊसतोडीशी याची तुलना मी मुद्दाम करतो, कारण आपल्या जिल्ह्याला भरतीची जी रीत सगळ्यांत जवळून माहीत आहे ती हीच. पावसाळा संपला की मुकादम येतो, कोयत्यामागे म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे उचल देतो, आणि टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. हंगाम संपतो तेव्हा उचल फिटलेली नसते, मग पुढचा हंगाम त्याच मुकादमाचा. तिथे मुकादम मजुराला पैसे देतो, इथे खलाशी एजंटला पैसे देतो. पैसा उलट दिशांनी जातो, पण दोन्हीकडे मजूर कर्जदार होऊनच कामाला लागतो. बोटीवरच्या नोकरीला आपण वरच्या दर्जाची समजतो, कारण ती डॉलरमध्ये आहे आणि विमानाने जावे लागते. कर्जाने बांधलेल्या माणसाचे आखाताच्या किनाऱ्यावर काय होते, हे समजून घ्यायला हवे.

जानेवारी 2021 मध्ये ‘एमटी इबा’ नावाचे टँकर जहाज संयुक्त अरब अमिरातीतल्या उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याला लागले. मालक कंपनी बुडाल्यावर त्यावरची पाच माणसे तीन वर्षांहून जास्त काळ त्या जहाजावर अडकून पडली होती, त्यांत भारतीय होते. जहाज सोडले तर थकलेल्या पगारावरचा हक्क हातचा जातो, या भीतीने अशी माणसे उतरत नाहीत. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीनुसार 2024 मध्ये 312 जहाजांवर 3,133 खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले. देशवार पाहिले तर सर्वांत जास्त संख्या भारतीयांची होती, 899. एवढी संख्या भारताचीच का, याची कारणे अनेक आहेत. आपले खलाशीच मुळात जगात फार मोठ्या संख्येने आहेत. पण परवाना नसलेल्या एजंटने पर्यटक व्हिसावर आखातात नेऊन मिळेल त्या जुनाट बोटीवर चढवलेली मुलेही त्यात असतात. घरातून निघताना त्यांना क्रूझचे किंवा यॉटचे चित्र दाखवलेले असते.

यॉटच्या बाबतीत कायद्याला एक भोक आहे. सागरी कामगार करार भाड्याने चालणाऱ्या, म्हणजे व्यापारी नोंदणीच्या यॉटना लागू होतो. मालकाच्या निव्वळ खाजगी वापरातली नौका त्याबाहेर राहते. तिथे विमा, कामाचे तास, परतीचे तिकीट हे सगळे मालकाच्या मर्जीवर आणि करार नीट लिहिला असेल तर करारावर. म्हणून ‘यॉटवर नोकरी’ असे कोणी सांगितले तर बोटीचे नाव, तिचा झेंडा, नोंदणी खाजगी की व्यापारी, आणि कराराची प्रत, हे आधी मागायला हवे. हे विचारण्याचे बळ एकट्या 20 वर्षांच्या मुलात कुठून येणार? त्याच्या शेजारच्या अंथरुणावर दोन करार करून आलेला गाववाला असला तर येईल.

आता एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, कारण तो आपल्याकडच्या विचार करणाऱ्या माणसांकडून येतो. आपली मुले जगातल्या धनिकांच्या बोटींचे कठडे पुसायला, त्यांच्या पाहुण्यांना पेले भरून द्यायला पाठवायची, हा कसला विकास? आक्षेपातली कळकळ मला कळते. एका माणसाच्या चैनीसाठी 40 माणसे राबतात, हे चित्र मलाही सुखाचे वाटत नाही. पण आपल्या जिल्ह्यातली बाई दुसऱ्याच्या उसात कोयता घेऊन पहाटे तीनला उभी राहते तेव्हा आपण तिला विकासाचा प्रश्न विचारत नाही. सेवेचे काम हलके नसते. हलके असते ते करार नसलेले काम, जिथे तास मोजले जात नाहीत आणि नाही म्हणता येत नाही. ठरावीक विश्रांतीचे तास, आजारपणात उपचार, करार संपल्यावर मालकाच्या खर्चाने घरी येणे, एवढे मिळत असेल तर पेला भरून देणारा हात कोणाच्या हाताहून कमी नाही. डेकवर नवख्या माणसालाही महिन्याला 2,000 युरोंच्या पुढे पगार मिळू शकतो, आणि तो हिंगोलीतल्या कोणत्याही खाजगी नोकरीत स्वप्नवत आहे. राष्ट्रीयत्व बघून त्याच कामाला कमी पगार देण्याचे प्रकारही या क्षेत्रात घडतात. त्यासाठीसुद्धा शेजारच्या अंथरुणावरचा माणूस लागतो, जो सांगेल की या कामाचा चालू भाव किती.

मुलींचा विचार इथे स्वतंत्रपणे करायला हवा. यॉटच्या आतल्या कामात, ज्याला ‘इंटिरिअर’ म्हणतात, मुलींना मोठी मागणी असते. बोटीवरच्या लैंगिक छळाबद्दलचे प्रशिक्षण 1 जानेवारी 2026 पासून मूलभूत सुरक्षा-प्रशिक्षणाचा भाग झाले आहे, म्हणजे जगाने प्रश्न मान्य केला आहे. आमच्याकडच्या मुलीला ही वाट आज जवळजवळ बंद आहे, आणि ती आईबापाच्या मागासलेपणाने बंद आहे असे मी म्हणणार नाही. अनोळखी एजंटबरोबर मुलगी मुंबईला न पाठवणारा बाप व्यवहारी आहे. जिथे राहायचे ती खोली ओळखीची असेल, तिथे आधी गेलेली दुसरी मुलगी असेल, तर तोच बाप वेगळा निर्णय घेऊ शकतो.

समुद्र नाही, ही अडचण मी सगळ्यांत कमी महत्त्वाची मानतो. आमच्याकडच्या सिद्धेश्वर आणि इसापूरच्या जलाशयांवर भोई समाजाची माणसे पिढ्यान् पिढ्या मासे धरतात. वाऱ्याची दिशा ओळखणे, होडीचा तोल सांभाळणे, पाण्यात पडलेल्याला ओढून घेणे, हे त्यांच्या पोरांना वेगळे शिकवावे लागत नाही. आजवर खलाशी म्हटला की किनाऱ्याचा, अशी आपली समजूत. पण मुंबईच्या बोटींवर भट्टीपाशी राबणारे पंजाबी कुठल्या किनाऱ्याचे होते? त्यांना गावची साखळी मिळाली म्हणून ते समुद्रावर पोहोचले. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’ गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. शिडाच्या नौकेची अव्वल कारागिरी आणि अव्वल नावाडी आपल्याच भाषेच्या परिसरात आहेत. त्यांच्यापर्यंत हिंगोलीचा रस्ता कोणी आखलेला नाही, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे असे: हिंगोली जिल्ह्याने मुंबईत किंवा नवी मुंबईत आपला कूड काढावा. जिल्हा परिषदेने सेस फंडातून भाडे भरावे, किंवा पतसंस्था आणि बाजार समित्यांनी मिळून. 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहून मुंबईला जाते. गाडीतून उतरलेल्या मुलाला एजंटच्या माणसाऐवजी गाववाल्याने घ्यायला यावे. दोन खोल्या मुलांच्या, एक वेगळी मुलींची. वाट बघण्याच्या काळात जेवण-भाडे अगदी अल्प, आणि बोट मिळाल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारातून ठरलेला छोटा हिस्सा कुडाला, व्याज नाही. दारावर एकच अट मोठ्या अक्षरात: नोकरीसाठी कोणाला पैसे दिले असतील तर आधी इथे सांगा. तक्रार लिहून द्यायला, महासंचालनालयाकडे आणि पोलिसांकडे ती घेऊन जायला एक जाणता माणूस पगारी असावा. परवान्यांची यादी दर महिन्याला मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत जावी.

प्रशिक्षणाच्या खर्चाचे काय? महाज्योती या सरकारी संस्थेने मागासवर्गीय मुलांना वैमानिक करण्यासाठी खर्च केला आहे. बार्टी आणि सारथी या तशाच संस्था परीक्षांच्या तयारीला विद्यावेतन देतात. खलाशाचे सहा महिन्यांचे शिक्षण त्या मानाने कितीतरी स्वस्त आहे, आणि विद्यावेतन थेट मान्यताप्राप्त संस्थेला गेले तर मधल्या माणसाचे ‘पॅकेज’ तिथेच मोडते. कुडाने मात्र स्वतः भरतीचा धंदा करू नये. त्याने परवानाधारक संस्थांशी उघडपणे, लेखी बोलावे आणि शुल्क मालकाकडून घेणाऱ्यांनाच दारात येऊ द्यावे.

संख्येबद्दल कोणाला भुलवू नये. यॉटवरच्या जागा थोड्या, शिकून बाहेर पडणारे जास्त. वर्षाला जिल्ह्यातून बोटांवर मोजण्याइतकी मुले तिथे पोहोचली तरी पुष्कळ, बाकीची मालवाहू जहाजांवर, क्रूझवर, किनाऱ्यावरच्या कामांत जातील, काही परत येतील. परत येणाऱ्याचीही पेटी कुडात सुरक्षित असली पाहिजे आणि त्याच्या घराची जमीन त्याच्या बापाच्याच नावावर असली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या पुढच्या अंदाजपत्रकात दोन खोल्यांचे भाडे आणि एका माणसाचा पगार एवढी तरतूद करून ही सुरुवात होऊ शकते. ती मागण्यासाठी पाचही तालुक्यांतल्या ज्या घरांनी एजंटला पैसे दिलेले आहेत त्यांनी पुढे यावे, आणि लाजू नये.